भोंगा न वाजवणारे वस्ताद

सोलापूर ते अक्कलकोट सर्व्हिस मोटार चालवणारे आमचे वस्ताद झोपलेल्या गाडीवानामागे कधी भोंगा वाजवत नसत. पुढे बैलगाडी चालली आहे, गाडीवान पोत्यांवर आडवा झाला आहे आणि बैल आपल्या मनाने वाट कापताहेत असे दिसले, की ते मोटार थांबवायचे, खाली उतरायचे, झपाझप चालत गाडी गाठायचे आणि गाडीवानाच्या पायाला हात लावून म्हणायचे, “उठा पाव्हणं, मागं मोटार हाय.” वळसंगच्या पुढे कानडी बोली सुरू झाली की, “एळ्री अण्णा, एळ्री!” गाडी कडेला लागली की मगच मोटार पुढे.

उतारू कातावत. एकदा एका वकिलांचे कारकून घड्याळ काढून म्हणाले, “अहो वस्ताद, आम्ही भाडं मोटारीचं दिलंय की बैलगाडीचं?”

वस्तादांनी मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवला. “मोटारीचंच की, साहेब. पण पोचायचं दिलंय, उलथायचं न्हाय.”

सगळी मोटार हसली. कारकुनांनी घड्याळ खिशात घातले.

मी करमाळ्याचा. वडील गेले आणि मराठी तिसरीतच माझी शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी सोलापुरात मोटारमालकांकडे मोटारी धुवायला लागलो. गावाकडे आई आणि दोन बहिणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मालक म्हणाले, “दिवाळीपर्यंत चालवायला शिकलास तर दुसरी मोटार तुझ्या हातात देतो. पण वस्ताद ‘हो’ म्हणाले तरच.” तेव्हापासून माझा जीव त्या एका ‘हो’त अडकला.

पहिला महिना वस्तादांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. रोज सकाळी मोटार फाटकाबाहेर काढण्याआधी ते जागच्या जागी दोनचारदा ब्रेक दाबून बघत, आणि मी नुसता बघायचो. “मुनशी,” ते म्हणत (त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते, म्हणून माझी तिसरी त्यांना मोठी वाटे), “पळती कशी ते सगळे इचारत्यात. थांबती कशी ते कुनी इचारत न्हाय.” नंतर एके दिवशी म्हणाले, “चल, अक्कलकोटला जायचं. चालत.” दोन दिवस आम्ही तो रस्ता पायी तुडवला. कोणत्या मोरीचा कठडा पडलाय, कोणत्या विहिरीवरून बाया घागरी घेऊन रस्ता ओलांडतात, पोरं शाळा सुटल्यावर कुठे चिंचा पाडतात, सगळे त्यांनी दाखवले. मला वाटले, म्हातारा आपल्याला टाळतोय.

मग त्यांनी कुंभारीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची बैलगाडी मागून घेतली आणि मला तीवर बसवले. “हाकत ऱ्हा. मागं बघू नको.” मी हाकत राहिलो. ऊन होते, चाकांचा एकसुरी आवाज होता, माझी मान कधी खाली गेली ते कळले नाही. एवढ्यात पाठीमागे असा काही भोंगा वाजला, की मी दचकून उजवीकडे वळून बघितले. बघतो तो बैल उजवीकडे, रस्त्याच्या मधोमध, मोटारीच्या पुढ्यात! वस्तादांनी मोटार बरीच मागे उभी केली होती म्हणून बरे.

ते चालत आले. “उजवीकडं का घेतलीस?”

“मी नाही घेतली वस्ताद, बैलांनी घेतली.”

“हातात बघ.” बघितले. उजवा कासरा माझ्या मुठीत छातीपर्यंत ओढलेला होता. “झोपेतनं उठलेला माणूस जिकडं वळून बघतो, तिकडचा कासरा आपसूक वढतो. बैलाचा काय गुन्हा?”

गेल्या महिन्यात सोलापूरहून पत्र आले, वस्ताद वारले. आता मी मोटार चालवतो त्या कराचीत ते पत्र वाचल्यापासून तो कासरा माझ्या मुठीत पुन्हापुन्हा येतो. आणि त्याबरोबर जी गोष्ट कोणाला सांगितली नाही, तीही येते.

इतके शिकवूनही मी ती चूक केली. दिवाळीला पंधरा दिवस होते. वस्ताद शेजारी बसून मला चालवायला देत होते. त्या दिवशी नेमके मालक मागे बसले होते. वळसंगच्या अलीकडे पुढे एक बैलगाडी दिसली, म्हातारा गाडीवान झोपलेला. मला वाटले, आता उतरून चालत गेलो तर मालक म्हणतील, हा पण वस्तादांसारखाच. मी भोंगा दाबला.

पुढचे सगळे मला ठाऊक असलेलेच घडले. म्हातारा गाडीवान दचकला, उजवीकडे वळला, बैल आडवे आले. मोटार वीतभर अंतरावर थांबली, पण बुजलेले बैल तसेच पुढे पळाले आणि गाडीचे चाक चरात गेले. म्हातारा खाली पडला. त्याचा उजवा हात कोपराजवळ मोडला.

“चला, उशीर होतोय,” मालक म्हणाले. वस्तादांनी इंजिन बंद केले. सगळ्या उतारूंना खाली उतरवून बैलगाडी चरातून वर ओढून घेतली, म्हाताऱ्याचा हात आपल्या फेट्याने बांधला आणि त्याला मोटारीत पुढे बसवले.

“ह्या पोराला आजच गावाला धाडा,” मालकांनी फर्मावले.

वस्ताद शांतपणे म्हणाले, “धाडतो की. पण नवा मानूस आनला, तर त्याला हे कळायला आनखी एक गाडी उलथावी लागंल. ह्याला आज कळलंय.”

मालक मोटारीत जाऊन बसले. मला वाटले, सुटलो. पण वस्ताद माझ्याकडे वळले. “ह्या बाबाचा हात बरा होईस्तवर त्याचा हात तू. उद्यापासनं त्याची गाडी हाकायची.”

सव्वा महिना मी वळसंगला त्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर राहिलो. कडबा भरला, बैलांना पाणी दाखवले. मागून मोटारीचा आवाज आला, की माझ्या पाठीला घाम फुटे. दिवाळी गेली. दुसरी मोटार कोणाला तरी दिली असणार, असे धरूनच चाललो होतो. म्हातारा मात्र मला रोज आपल्या ताटातली चटणी वाढायचा. तेच जड जायचे.

म्हाताऱ्याच्या हाताची पट्टी सुटली तसा मी सोलापूरला परतलो. मोटारीच्या अड्ड्यावर दुसरी मोटार तशीच उभी होती. मालक म्हणाले, “वस्ताद कुणालाच हो म्हणेनात, आम्ही काय करणार?” मी वस्तादांना शोधू लागलो, तर ते समोरूनच येत होते. बरोबर त्यांची लेक होती, पदराखाली सव्वा महिन्याचे बाळ. बाळंतपण आटोपून ती अक्कलकोटला सासरी निघाली होती.

“बस बेटी,” वस्तादांनी तिला दुसऱ्या मोटारीत चढवले, बाळाचे टोपडे सारखे केले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मुनशी, हँडल मार.”

“तुम्ही येताय ना, वस्ताद?”

“मी कशाला?” ते म्हणाले. “माझी मोटार हाय की.”

मी हँडल फिरवून इंजिन सुरू केले आणि ब्रेक दाबून बघितला. पुन्हा बघितला. मोटार हलायच्या आधीच ते पाठ फिरवून चालू लागले होते. एकदाही त्यांनी मागे वळून बघितले नाही.