इको मशीनचं तोंड

पाहुणा येणार म्हटल्यावर कोकणी माणूस आधी घर झाडतो. दशरथ घाडी जन्मला लालबागला, म्हातारा झाला बोरिवलीला, पण खोड कणकवलीचीच. त्याने घर झाडलं, फरशी पुसली. तेवढ्यावर थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. गडी उठला, कपाटावरचं इको मशीन खाली काढलं, जुन्या बनियनचं फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि घासायला बसला.

इको मशीन म्हणजे आवाज लांबवायचा डबा. आत टेपचा तुकडा गोल गोल फिरतो, गायकाचा शब्द त्यावर चढतो आणि जरा मागून पुन्हा ऐकू येतो. एके काळी ऑर्केस्ट्रावाल्यांचं त्याशिवाय पान हलत नसे. बाहेरचं मशीन परवडायचं नाही, म्हणून जोगेश्वरीच्या एका गाळ्यात दशरथ ती स्वतः बनवायचा. पत्रा वाकवणं, भोकं पाडणं, सोल्डरिंग, सगळं एकहाती. रंग मारायची त्याची बायको, नलिनी. चाळीसेक मशीनं झाली असतील. मग डिजिटल डबे आले आणि गाळा बंद झाला. राहिलं हे एक, पहिलं, कार्यक्रमांना भाड्याने फिरलेलं पण कधीच न विकलेलं. मूलबाळ नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नलिनी गेली. तेव्हापासून त्या घरात दिवसाला चार वाक्यं बोलली जात असतील, त्यातली दोन दूधवाल्याशी आणि दोन टीव्हीला शिव्या.

तर त्या मशीनवर, मोठ्या नॉबच्या शेजारी, एक तांबूस-पिवळा ठिपका होता. दर दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची आणि नलिनी हळद-कुंकवाचं बोट नेमकं तिथेच टेकवायची. तीस-बत्तीस दसरे, जागा एकच. रंगात मुरला होता तो. पाण्याने गेला नसता, थिनरने गेला. आणि या बाबाला पत्ताच नाही! मशीन समोर धरून म्हणतो कसा, "झकास. आता कसं नव्यासारखं दिसतंय!"

चार वाजता श्रुतिका आली. सत्तावीस-अठ्ठावीसची पोर, पाठीला सॅक, अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी. रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी ही कंपनी जुन्या मशीनांची सॉफ्टवेअर बनवते. मशीनचा आवाज कॉम्प्युटरमधून हुबेहूब निघतो. आवाजाचं काम दुसरे करतात. श्रुतिका सॉफ्टवेअरचं तोंड काढते, म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते. एका जुन्या ऑर्केस्ट्रातल्या माणिक कीबोर्डवाल्याने तिला दशरथचा नंबर दिला होता.

मशीन बघून ती दारातच थबकली.

"काका, हे तुम्ही साफ केलंत?"

"मग? पाहुण्यांपुढे मळकं ठेवू?"

तिने कपाळावर हात मारला. "वाट लागली! अहो, मला ते मळकंच हवं होतं ना!"

आता बोला! दशरथला काही कळेना. मग तिने लॅपटॉप उघडून आधी केलेलं एक काम दाखवलं. पडद्यावर अख्खं मशीन उभं. नॉब, काटा, कोपऱ्यातले स्क्रू, कडेला गंज.

"हा स्क्रू फिरतो?"

"नाही, नुसता दिसतो."

"आणि हा गंज?"

"तोही मीच चितारला. दोन दिवस लागले."

"गंजाक दोन दिवस? अगो बाय, कशाक?"

"सपाट चौकोन दिला ना काका, तर लोकांना आवाजही सपाट वाटतो. आवाज तोच असतो. पण वापरलेलं दिसलं की हात आपोआप नॉबकडे जातो."

दशरथ खदाखदा हसला. "मी जन्मभर खरा गंज घासत आलो आणि तू खोटा चढवतेस! धन्य आहे."

"तुम्हाला आठवत असेल ना, कुठे काय होतं ते? तुम्ही सांगा, मी काढते."

मग काय विचारता! तीन वर्षं तुंबलेला माणूस मोकळा झाला. इथे मुलुंडच्या कार्यक्रमात माईकचा स्टँड पडला, हा एवढा चरा. इथे ऑपरेटरचा अंगठा घासून घासून रंग उडालेला. इथे उदबत्ती टेकली, पत्रा काळा झाला. ती विचारत होती, हा सांगत होता. दोनदा चहा झाला, डब्यातल्या मऊ पडलेल्या चकल्याही तिने खाल्ल्या. दशरथला मनापासून वाटत होतं, हिचे प्रश्न संपूच नयेत. आणखी चार चरे असते तर बरं झालं असतं.

"आणि इथे, ह्या मोठ्या नॉबच्या..." म्हणाला आणि बोट हवेतच राहिलं.

तो मशीनपाशी गेला. पत्र्यावरून बोट फिरवलं. मग मोरीतलं फडकं आणून उलगडलं. सगळं काळंकुट्ट. त्यात तांबडं कुठलं नि पिवळं कुठलं?

"आवशीचो घो," तो पुटपुटला आणि खुर्चीत बसला. मग अडखळत सगळं सांगितलं. दसरा, हळद-कुंकू, नलिनीचं बोट.

श्रुतिकाचा चेहरा उतरला. "काका, काढूया ना आपण. नॉबच्या डावीकडे होता की उजवीकडे?"

"डावीकडे." तिने काढला. "नाही, नाही. उजवीकडे."

"केवढा?"

"लहान. तिचं बोट बारीक होतं."

"हळद वर होती की कुंकू?"

दशरथला सांगता येईना. तीस वर्षं तो ठिपका डोळ्यांसमोर होता, पण असलेल्या गोष्टीकडे कोण निरखून बघतं? ती असतानाही त्याने कधी धड बघितलं नव्हतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त रडू. फोटो काढावा असं तर दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

श्रुतिकाने पंधरा-वीस ठिपके काढून पाहिले. शेवटचा फार सुरेख जमला. कुणीही म्हटलं असतं, हाच तो. "हा?" तिने आशेने विचारलं. पोरीने एवढी मेहनत घेतली होती, दशरथच्या ओठांवर 'हो' आलंच होतं.

"नको. पुस तो," तो म्हणाला. "चांगला आहे गो, पण तो तुझ्या बोटाचा आहे."

"मग तिथे कोरं ठेवू?"

"कोरं कसं? कोरं नव्हतं ते कधी." तो उठून तिच्या मागे उभा राहिला. "फडकं कसं फिरवलं ते मला नीट आठवतंय. सकाळचीच गोष्ट. इथून धरलं, तीनदा गोल फिरवलं, मग जोर लावून खाली ओढलं. ते काढ."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काढायला घेतलं. रंग जरा विरळ, आतला पत्रा पुसट चमकतोय, फडक्याचे तीन फेर आणि खाली गेलेला फराटा. दशरथने चष्मा लावला, स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघितलं.

"हां. हे बरोबर आहे."

तिने सॅक भरली, चपला घातल्या. दारात थांबून विचारलं, "काका, ऑफिसात विचारतील, सगळं मशीन जुनं आणि एवढीच जागा अशी का? काय सांगू?"

"सांग, नवऱ्याने पुसली."