लोट्यातली तापी

लिहायला बसलो आहे, पण आधी वाचकांची क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पंचनामे आणि जबाब पुष्कळ लिहिले. त्यापलीकडे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. पण एक प्रकरण अजून मनातून जात नाही, म्हणून हे धाडस.

साठचे दशक संपत आले होते. मी सुरतेत नवा फौजदार. पितृपक्षाचे दिवस होते. उधन्याच्या एका चाळीतला शेजारी खबर घेऊन ठाण्यात आला. खानदेशातून आलेल्या एका यंत्रमाग कामगाराची म्हातारी आई दोन-तीन दिवस दिसत नव्हती. त्याआधी घरात भांडण झाले होते आणि मुलाने पोलिसांत वर्दीही दिली नव्हती. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद केली. मुलाला चौकशीला आणले.

भांडण कशावरून झाले, हे तो सांगेना. आमचे जमादार अस्सल सुरती. "बोल ने भाई, डोसी कुठे गेली? तू नाही बोलणार तर आम्ही काय तापीला विचारू?"

तापीचे नाव निघताच तो ढसाढसा रडू लागला. जमादारांचा खुनाचा संशय पक्का झाला. माझा मात्र झाला नाही. खोटे बोलणारा माणूस काहीतरी बोलत राहतो. हा नुसता रडत होता.

मी त्याच्या बायकोला बाजूला बसवून विचारले.

"साहेब, सासूबाईंना तापी बघायची होती."

"तापी तर शहरातूनच वाहते."

"ती नाही. जिथे संपते ती. मामंजींच्या अस्थी गावी तापीत सोडल्या होत्या. त्या कुठवर आल्या, ते बघायचं होतं. हे दर वेळी म्हणायचे, रविवारी नेतो. त्या दिवशी पुन्हा विचारलं तर चिडले. म्हणाले, बाप काय तिथे काठावर तुझी वाट बघत बसलाय?"

"जाताना काही नेलं?"

"पितळी लोटा."

जीव द्यायला निघालेले माणूस लोटा कशाला घेईल? मुलाला सोबत घेऊन आम्ही तापी समुद्राला मिळते तिथे, डुमसला गेलो. काळी वाळू, त्यापुढे चिखल, पाणी पार लांब. भजीवाल्याला म्हातारी आठवत होती.

"आली होती ने. लोटा भरला, चाखलं, थुंकली. म्हणे, हाई तापी नई."

"दर्यो गोड असतो का कुठे?" जमादार हसले.

भीमपोरच्या किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करणाऱ्या माणसानेही तेच सांगितले. तेव्हा माझ्या ध्यानात आले. जन्मभर ती तापीचे पाणी प्यायली होती. तिची खूण चवीची होती. पाणी खारट लागेल तिथे ती थांबणार नव्हती. काठाकाठाने वर जात राहणार होती.

समोर नदीपलीकडे हजीऱ्याचा काठ दिसतो, अशा जागी एका माछी बाईच्या झोपडीपुढे ती बसलेली सापडली. पाय सुजले होते. मुलगा धावला, तशी माछी बाई आमच्यावरच डाफरली, "आता नेऊ नका तिला. ओहोटी पुरी होऊ द्या. मग नदीचं पाणी लागतं. मी सांगितलंय तिला."

आम्ही सगळे बसून राहिलो. पाणी उतरले. म्हातारीने लोटा बुडवून घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात धरला. मग लोटा मुलापुढे केला. "देख बरं."

तो प्यायला. "गोड शे, माय."

"मंग? आठेच उना तुन्हा बाप." इथवरच आला त्याचा बाप, असे तिचे म्हणणे.

तिने लोटा मलाही दिला. पाणी मचूळ होते. मी म्हणालो, "गोड आहे, आई." जमादारांनी न विचारता ओंजळ पुढे केली. "एक नंबर पाणी, माजी."

तिच्या जबाबात चवीचा उल्लेख आम्ही कोणीच केला नाही.

हरवलेले माणूस शोधताना ते कुठे जाईल यापेक्षा त्याला काय हवे होते, हे आधी विचारावे, असे मी त्यानंतर शिकलो. घरातल्यांनी ते वेळेवर विचारले, तर ठाण्याची पायरी चढावी लागत नाही.

माझ्या निवृत्तीनंतर तो मुलगा एकदा बाजारात भेटला. त्याचेही केस पिकले होते. माय गावीच वारली, म्हणाला. शेवटच्या दिवसांत त्याने तिला विचारले होते, तुझ्या अस्थी नाशिकला नेऊ का? ती म्हणाली होती, "नको रे. तापीमाच सोड. ती वाट मी देखेल शे."