थोडी माणसं

मी पुण्याला निघाले त्या सकाळी बाबा बसथांब्यावर माझ्या बॅगेशेजारी उकिडवे बसले होते. थांबा म्हणजे सिमेंटचा एक खांब, त्यावर आपल्या गावाचं नाव आणि नावापुढे 'पुनर्वसन'. आई घरातून बाहेर आलीच नाही. तिला निरोप देता येत नाही. धरणासाठी गाव उठलं तेव्हाही ती सगळ्यांच्या आधी ट्रकमध्ये जाऊन, तोंड फिरवून बसली होती. बस आली तसे बाबा उठले, बॅग चढवली आणि म्हणाले, "पोहचली का फोन करजो. आन् कोनाशी भांडू नोको. तिथं आपलं कोनी नाही."

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तीन वसाहतींत वाटले गेलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे नागपूर, सुरत, पुण्याला पांगलात त्यांच्यासाठीही. मध्यंतरी गावाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, इंजिनियरिंगच्या पोरांना तू इतिहास काहून शिकवते? मी हसरे चेहरे टाकून विषय बदलला. या वर्षभरात जे झालं ते सांगितलं तर कदाचित त्याचं उत्तर मिळेल.

वाघोलीच्या पुढे एका इंजिनियरिंग कॉलेजात मी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहे. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला 'जगाच्या इतिहासाची ओळख' हा विषय आला, म्हणून मी आले. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, साठ मुलं, अर्धी पेंगलेली आणि अर्धी मोबाईलमध्ये. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "मॅम, हे प्लेसमेंटला विचारतात का?" मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, "ओके, जस्ट कन्फर्म करत होतो." त्याच आठवड्यात माझ्या तोंडून "मी सांगून राहिले ना" असं निघालं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात लावून घेऊ लागले. गाव कुठलं विचारलं की नागपूर सांगायचे. आपल्या गावाचं नाव सांगितलं तर लोक नकाशात शोधतात, आणि तिथे निळा रंग दिसतो.

पहिल्या वर्षाचे प्रमुख केळकर सर. पेठेतले, निवृत्तीला आलेले, गणिताचे. मी रुजू झाले त्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "मॅडम, इतिहास शिकवा. घडवायला जाऊ नका."

नोव्हेंबरात नद्यांकाठच्या संस्कृतींचा भाग आला. नाईल शिकवताना मी पुस्तकाच्या पुढे गेले आणि गेल्या शतकात तिच्यावर बांधलेल्या मोठ्या धरणाकडे आले. हजारो वर्षांची देवळं बुडणार म्हणून ती कापून, दगडांवर क्रमांक घालून, उंचावर नेऊन पुन्हा उभी केली. जगभरातून मदत आली. त्याच काठावरची, नुबियातली माणसं मात्र गाड्या-बोटींत घालून दुसरीकडे नेली. पडद्यावर देवळाचं चित्र होतं आणि वर्ग, कधी नव्हे तो, ऐकत होता.

सायलीने हात वर केला. सिव्हिलची मुलगी, पुण्याजवळच्या मांजरी गावची. रोज पहिल्या बाकावर बसायची आणि काही ना काही विचारायची. "मॅम, पण देवळं वाचली, वीज आली, पाणी आलं. थोडी माणसं हलली तर काय बिघडलं? कुणाला तरी हलावंच लागतं ना?"

थोडी माणसं. आमच्या अंगणात मोजणीची टेप घेऊन उभा असलेला धरणाचा साहेब बाबांना अगदी हेच म्हणाला होता. मी तेव्हा आठवीत होते. त्यानंतर मी जे बोलले ते आजही जसंच्या तसं आठवतं. "तुझं घर कुणी पाण्यात घातलं असतं, तर थोडी माणसं म्हणताना जीभ अडखळली असती. बापाच्या बंगल्यात बसून असं बोलायला सोपं असतं."

तिने वही मिटली, सॅक उचलली आणि ती निघून गेली. उरलेली वीस मिनिटं मी काय शिकवलं ते मलाच ठाऊक नाही. कुणीही मोबाईल काढला नव्हता.

पुढचे चार तास तिची जागा रिकामी होती. पाचव्या दिवशी केळकर सरांचा निरोप आला. करार वाढवायचा की नाही हे ठरवणारी समिती पुढच्याच आठवड्यात बसणार होती, आणि सायलीच्या वडिलांचा तक्रारअर्ज त्यांच्या टेबलावर होता. "विद्यार्थिनीचा गैरसमज झाला असं चार ओळींत लिहून द्या," सर म्हणाले. "मी फाईलला लावतो, विषय संपतो. वर्गात मात्र यावर एक शब्द काढायचा नाही."

गैरसमज कुणाचाच झालेला नव्हता. मी काही लिहायच्या आतच सायली आणि तिचे वडील केबिनमध्ये आले. उंचापुरा माणूस, पांढरा शर्ट, पण खुर्चीत बसले ते अगदी कडेला, माझे बाबा सरकारी कचेरीत बसायचे तसे.

"मॅडम, पोरीला काय बी बोला," ते म्हणाले. "शिक्षक हाय तुम्ही. पण बंगल्याचं बोललात ते लागलं. आमची मांजरीला उसाची जमीन व्हती. आता तिथं फ्लॅटचे टॉवर हायेत. मी इकली. ही सातवीत व्हती. महिनाभर माझ्याशी बोलली न्हाई."

सायली खिडकीबाहेर बघत होती.

"आन् ते थोडी माणसं, कुणाला तरी हलावं लागतं, ते वाक्य हिचं न्हाई. माझं हाय. घरात मीच म्हनतो. हिला पटत न्हाई."

मी तिला विचारलं, "मग वर्गात का म्हणालीस?"

"कारण माझ्याकडे बाबांना द्यायला उत्तर नव्हतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही उत्तर दिलंच नाही, मॅम. तुम्ही माझा अपमान केला."

केळकर सरांनी चष्मा काढून पुसला. मला बसायला जागा असूनही मी उभीच होते. मी म्हणाले, गैरसमजाचं पत्र मी देणार नाही. जे बोलले ते वर्गासमोर बोलले, माफीही तिथेच मागेन.

"आणि समिती?" सरांनी विचारलं.

"समितीला जे ठरवायचं ते ठरवू दे."

"ठीक आहे. मग मीही येतो. बऱ्याच दिवसांत इतिहासाच्या तासाला बसलो नाही."

त्या रात्री बाबांचा फोन आला. मी काही सांगितलं नाही. जेवली का विचारलं, जेवले म्हटलं. भांडू नोको म्हणाले होते. नोकरी गेली तर परत जायचं कुठे, हा प्रश्न मी पहिल्यांदा नीट स्वतःला विचारला. वसाहतीत आपलं दोन खोल्यांचं घर आहे, पण मी तिथे मोठी झाले नाही. ज्या घरात मोठी झाले तिथे परतीचा रस्ता नाही.

दुसऱ्या दिवशी केळकर सर मागच्या बाकावर, दोन मुलांच्या मध्ये, हाताची घडी घालून बसले. सायली पहिल्या बाकावर होती. मी आधी तिची माफी मागितली, कारणं न देता. मग म्हणाले, मी नागपूरची नाही. आणि आपल्या गावाचं नाव सांगितलं.

मग सांगत गेले. नदीच्या रेतीतल्या डांगरवाड्या, खरबुजांचे ते मळे, उन्हाळ्यात तिथे झोपायला जायचो ते. घरांच्या भिंतींवर लाल रंगाने घातलेले क्रमांक. आमचा क्रमांक एका वसाहतीत गेला आणि भिंतीला भिंत असलेल्या सुमनबाईंचा दुसऱ्या, म्हणून आई आणि सुमनबाई आता लग्नाकार्यातच भेटतात. मध्येच "पाणी येऊन राहिलं होतं" असं निघून गेलं. या वेळी कुणी हसलं नाही, आणि मीही वाक्य दुरुस्त केलं नाही.

"आता तुझा प्रश्न," मी सायलीला म्हणाले. "कुणी 'थोडी माणसं' म्हटलं की इतिहास तीन गोष्टी विचारतो. थोडी हे कुणी मोजलं? त्या माणसांना आधी विचारलं होतं का? आणि नंतर त्यांचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलं?"

"पण मॅम, वीज आलीच ना?"

"आली. आमच्या वसाहतीतही आली. तीही लिहायची. एक लिहून दुसरं खोडायचं नाही."

ती पटकन मान डोलावणाऱ्यांतली नव्हती. थोडा विचार करून म्हणाली, "म्हणजे बाबा पूर्ण चुकीचे नाहीत."

"नाहीत. पण तेव्हा तुझं त्यांच्याशी न बोलणंही चुकीचं नव्हतं."

तिने ते वहीत लिहून घेतलं की दुसरं काही, मला दिसलं नाही.

तास संपल्यावर केळकर सर दारापाशी थांबले. "पाच मिनिटं जास्त घेतलीत," एवढंच म्हणाले. समितीने माझा करार वाढवला, अकरा महिन्यांचा नाही, एका सत्रापुरता. कारण कुणी सांगितलं नाही. सायली आता तासाला येते, प्रश्न विचारते, पण पूर्वीसारखी तासानंतर रेंगाळत नाही. तिथे मी काहीतरी मोडलं आहे आणि ते माफीने जोडलं गेलेलं नाही. परवा तिने एवढंच सांगितलं, की बाबांना घेऊन ती टॉवरच्या कुंपणापाशी गेली होती आणि त्यांची विहीर कुठे होती ते त्यांनी तिला दाखवलं. मग ती वर्कशॉपला निघून गेली.

त्याच संध्याकाळी घरमालकीणबाईंचा फोन आला. मी वाघोलीत त्यांच्या एका खोलीत राहते. त्या कधी लांबण लावत नाहीत.

"भाडेकरार संपतोय. राहणार आहात की सोडताय? आधी सांगा म्हणजे बरं."

फोन कानाला लावून मी खिडकीपाशी गेले. आपल्यापैकी कुणालाही, आजवर कधीही, कुणी हे विचारलं नव्हतं. नोकरीची खात्री फक्त उन्हाळ्यापर्यंतची, खोलीला एकच खिडकी, समोर बांधकामाची धूळ.

"राहते," मी म्हणाले.