बागेतलं अकॉमोडेशन

आता हा पराक्रम सांगायचा म्हणजे मलाच लाज वाटते. पण हसा, हसण्यासाठीच सांगतेय!

नागपूरहून इथे बंगळुरूला, सर्जापूर रोडवर लेकाकडे आले, त्याला सात महिने झाले. निखिल सकाळी आठला जातो, सातला येतो. मधले अकरा तास मी आणि फ्रिज. फ्रिज निदान घरघरतो तरी! खाली बागेत बायका बसतात, पण त्यांचं सगळं इंग्रजीत. मी आपली दुरून हसायची अन् वर यायची.

म्हणून ठरवलं, इंग्रजी शिकायचं. गुपचूप! मोबाइलवरच्या बाई सांगतात, लांब शब्दाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला एक टाळी, आणि जोर जिथे पडतो तो तुकडा ठणकावून म्हणा.

परवाचा शब्द होता अकॉमोडेशन. पाच तुकडे, जोर चौथ्यावर. बाग रिकामी होती, बसले बाकावर. "अ-कॉ-मो-डेऽऽ-शन!" कसला आवाज लागला म्हणता! कबुतरं उडाली.

वॉचमन धावत आला. "आंटी, अकॉमोडेशन?"

अगंबाई, याला कळलं! म्हणजे उच्चार जमला की! "हां, हां!"

"किसके लिए?"

"मेरे लिए!" शिकत तर मीच होते ना?

"बेटे को मालूम है?"

"नहीं, नहीं! उसको बोलना मत!"

बिचाऱ्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, शिक्षणाची केवढी ही कदर!

संध्याकाळी पाचला बेल वाजली. दारात बागेतल्या चार बायका. पुढे सरोजाक्का, हातात चित्रान्नाचा, म्हणजे इथल्या लिंबूभाताचा, डबा.

"अक्का, रडू नका," तिने माझा हात धरला. चक्क मराठीत! पिढ्यान्‌पिढ्या इथलं मराठी घर तिचं, आणि मी सात महिने तिला कानडी समजत होते. "मुलानं बाहेर काढलं तर काढू दे. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. आजच यायचं, सरी? ठीक आहे ना?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लेकाने हाकलून दिलेली म्हातारी मी, बागेत टाळ्या वाजवून राहायला जागा मागत होते!

खुलाशाला कितीसा वेळ लागतो? दोन वाक्यं. पण त्या सोफ्यावर सात महिन्यांत पहिल्यांदा माणसं बसली होती हो. म्हटलं, आधी चहा होऊ दे. मग दुसरा झाला. सरोजाक्काने माझ्या पाठीवरून हात फिरवला, तोही मी फिरवू दिला.

सातला निखिल आला. चौघींनी त्याला नजरेनेच भाजून काढलं.

"आई, काय झालं गं?"

"काही नाही रे," मी म्हटलं, "बस तू जरा गप. मी तिसरा चहा टाकते."