व्हर्लिन कोम्ब्सचा कान

...तर त्या फुटलेल्या पिस्तुलाचं सांगत होतो. व्हर्लिनचा जावई आर्लिस कुंपणामागं डबे टिपत होता. एक काडतूस नुसतं ‘फुस्स’ झालं आणि गोळी नळीतच अडकली. त्याच्या ध्यानात आलं नाही. मागोमाग दुसरं झाडलं. उजवा डोळा गेला. डाव्याचं काय, ते डॉक्टर शुक्रवारी सांगणार होते.

काडतुसं कोरियाच्या लढाईच्या वेळची, लष्करानं मोडीत काढलेली, आणि व्हर्लिननंच तपासून दिलेली. केंटकीच्या आमच्या खोऱ्यात असला जुना माल आला की आधी व्हर्लिनकडं जायचा. पितळेवरचा हिरवा कळंक, बारीकशी चीर तो नखानं ओळखायचा. मग एकेक काडतूस कानाशी धरून हलवायचा. आत दारू खुळखुळली तर बरं. ओल लागून तिचा गोळा झाला असेल तर गप्प, आणि गप्प ते बाद. एकदा पाद्रीबुवांचं अख्खं खोकं त्यानं बाद केलं. बुवा म्हणाले, “अरे, मी प्रार्थना केलीय त्यावर!” हा म्हणतो, “मग प्रार्थनाच झाडा.”

गुरुवारी मी घेवड्याची उसळ आणि मक्याची रोटी घेऊन गेलो, तर हा शेडमध्ये उरलेली काडतुसं फोडत बसलेला. तीन दिवस पोटात अन्न नाही. गोळी उपटायची, दारू कागदावर ओतायची, चिमटीत चोळायची. लेक ओनीडा दारात रडत उभी.

“डॅडी, पिस्तूलच जुनं होतं. चला ना दवाखान्यात, तो तुम्हालाच विचारतोय.”

“दोष कुणाचा ते कळल्याबिगर कुठल्या तोंडानं येऊ?”

मला काय बुद्धी झाली कोण जाणे. त्यानं रिकाम्या केलेल्या एका काडतुसात मी त्याची नजर चुकवून गोळी परत बसवली आणि त्याच्या कानाशी हलवली.

“हे कसं काय रे?”

डोळे मिटून त्यानं ऐकलं. “झकास. खुळखुळतंय.”

मी गोळी काढून काडतूस त्याच्या तळहातावर उपडं केलं. कणभरसुद्धा दारू पडली नाही. ओनीडाचं रडणं थांबलं.

“व्हर्लिन, लेका, कधीपासून?”

“माणसाचं बोलणं येतं रे ऐकू. हे खुळखुळणं तेवढं गेलं, दोन वर्षं झाली. पण तसं सांगितलं असतं, टॅल्मेज, तर या खोऱ्यात माझ्याकडं आलं कोण असतं?”