हिराबाईने उजळलेला ओव्हन

डहाणूजवळच्या आगरच्या हिराबाईला कुणी कामवाली म्हटलेलं खपत नसे. तिचं काम ठरलेलं होतं: जळकं काढायचं. करपलेली पातेली, लग्नातल्या कढया, दूध उतू जाऊन काळ्या झालेल्या शेगड्या, सगळं तिच्याकडे यायचं. "काळं भांड्याचं नसतं बाय, रांधणारणीचं असतं," हे ती रांधणारणीच्याच तोंडावर सांगायची. तरीही डहाणूतल्या बायका तिलाच बोलवायच्या, कारण ती अपमान करायची तो फक्त घरातल्या घरात. बाहेर कुणाच्या भांड्याबद्दल अवाक्षर काढायची नाही.

चौदा वर्षं ती खोरशेदबाईंच्या चिकूवाडीवरही जात होती. त्या घरच्या कोठीच्या किल्ल्या हिराबाईच्या कमरेला असत. फक्त एका वस्तूला तिला हात लावायची बंदी होती. ती म्हणजे खोरशेदबाईंचा ओव्हन. पत्र्याची दोन कप्प्यांची पेटी, खाली शेगडी, वर निखारे. तो सासूने दिलेला होता आणि सुनेने कुणाला दिला नव्हता.

एकोणीसशे एकोणसाठच्या मार्चमध्ये आमच्या मनोरमावहिनींना कुमास करायची हुक्की आली. कुमास म्हणजे रवा, तूप, साखर, वेलची घालून ताडीने फुगवलेला पारशी केक. वहिनींनी त्यातली अंडी आधीच वगळली होती. ओव्हन मागितला तर खोरशेदबाईंनी साफ नकार दिला. तेव्हा हिराबाई मध्ये पडली.

"शेठाणी, द्या. येत्या नवरोजाच्या आत जसा नेला तसा आणीन. काय झालं तर या किल्ल्या तुमच्या, मी परत पायरी चढणार नाय."

खोरशेदबाई म्हणाल्या, "हिरा, तू बोली एटले बस." हिराचा शब्द त्यांना पुरला आणि ओव्हन आमच्या ओट्यावर आला.

आता ताडीचा प्रश्न. दारूबंदीचे दिवस, आणि माझे थोरले भाऊ वासुदेवदादा कचेरीत कारकून. घरात ताडीचं नाव काढणं म्हणजे चोराने चौकीत चहा मागणं. पण नीरा, म्हणजे ताडाचा न आंबलेला ताजा रस, सरकारमान्य होती. वहिनींनी पहाटे केंद्रावरून नीरा आणली आणि दादाच्या नजरेस पडू नये म्हणून बाटली मागच्या अंगणात, तुळशीमागे ठेवली. दादा नेमके त्या दिवशी तलासरीच्या दौऱ्याची फाईल शोधत अकरापर्यंत घरात. नीरा उन्हात बसून राहिली. नीरेला सरकारचा कायदा कोण सांगणार? ती आपली आपण ताडी झाली, आणि तीही चांगली तरणीताठी.

वहिनींनी ती सगळी पिठात ओतली, शिवाय "फुगेल ना नीट?" म्हणून खायचा सोडा वेगळा.

फुगलं. भांड्याबाहेर आलं, कप्प्यावरून खाली उतरलं, दाराच्या फटीतून बाहेर डोकावलं आणि तळाच्या लाल पत्र्यावर बसून कोळसा झालं. मी दार उघडलं तेव्हा आत डांबराची सडक होती.

हिराबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आत बघितलं, कमरेच्या किल्ल्यांना हात लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा अपमान केला नाही. त्यावरून आम्हाला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

"विळीने खरवडू का?" वहिनींनी चाचरत विचारलं.

"खरवडा! पत्र्याला ओरखडा पडला की दर खेपेला पीठ तिथंच चिकटंल. मग माझं नाव काढा नातवंडांपुढं."

तिने आधी उकळत्या पाण्याचं पातेलं आत ठेवून दार लावलं. "साखर जळाली तरी साखरच. तिला वाफारा दिला की मऊ येते, रुसलेल्या सुनेवानी." तासाभराने सुरूच्या लाकडाची चाळलेली राख आणि धुण्याचा सोडा कालवून आतून लिंपलं, वर ओलं गोणपाट. हात भाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत चिंध्या बांधल्या होत्या. दुपार होईतो ओव्हनला कुणी हात लावायचा नाही, आणि ती स्वतः मात्र दर पाच मिनिटांनी गोणपाट उचलून बघत होती.

दोन वाजता तिने चंचीतून शिंपली काढली. समुद्राची, धार झिजलेली. तिच्या कडेने ढकललं तशी काळी पापडी सुटून आली, हातभर. मग दुसरी. कोपरे तिने नखाला फडकं गुंडाळून काढले. शेवटी धुऊन, लगेच निखाऱ्यावर सुकवून, खोबरेल तेलाचा हात फिरवला. संध्याकाळी आत तोंड दिसत होतं. वहिनींनी त्यात केस नीट केले.

डोक्यावर ओव्हन घेऊन हिराबाई वाडीवर गेली. मागे मी, कप्पे घेऊन.

खोरशेदबाईंनी दार उघडलं, आत बघितलं आणि किंचाळल्या. "आ मारो ओव्हन नथी! हिरा, बदलून आणला तू!"

झालं होतं असं की वहिनींच्या कोळशाबरोबर खोरशेदबाईंचा वीस वर्षांचा, आणि त्याखाली सासूबाईंचाही, कोळसा निघाला होता.

हिराबाईला खोटं बोलायची ही उत्तम संधी होती. "शेठाणी, सहज घासला," एवढं पुरलं असतं. पण तिने किल्ल्या सोडून टेबलावर ठेवल्या. "तुमचाच हाये. वहिनीनं केक जाळला. मी बोलले होते जसा नेला तसा आणीन, तसा नाय आणला. हा काळा नाय."

खोरशेदबाईंनी चष्मा लावला. आत हात फिरवला, कोपऱ्यात बोट घातलं, बोट बघितलं.

"चौदा वरस तू इथे. मग हे आधी का नाय केलं?"

"तुम्ही हात लावू दिला?"

खोरशेदबाई आत गेल्या आणि खडखडाट करत एक भलंमोठं तपेलं ओढत आणलं, बुडाला काळंकुट्ट. त्यावर दोन तवे, त्यावर एक तळणीची कढई. सगळ्यांत वर ठेवला तो टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा.

"नवरोज परवा छे," त्या म्हणाल्या. "आजच सुरू कर."

परत येताना हिराबाई माझ्यावरच खेकसली, "बघितलंस रे, भाऊ? खरं बोललं की असं होतं!" पण हात मात्र पुन्हा पुन्हा कमरेकडे जात होता आणि किल्ल्या, उगाचच, वाजत होत्या.