नळी छातीत कोणी नेली?

मी आधीच म्हटलं होतं, पोराचा श्वास बरोबर नाही. कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवला नाही! चौथी शिकलेली बाई, तिचं काय ऐकायचं! आता सगळे म्हणतात, सांगा ना पुन्हा. मुलांच्या वार्डात राहिलं की किस्से असे साचतात, की बाहेर काढल्याशिवाय जीव मोकळा होत नाही.

सम्यक माझा नातू, माझ्या प्रज्ञाचा पोरगा. दोन वर्षांचा. जन्मतःच त्याच्या डोक्यात पाणी साचायचं. म्हणून तान्हा असतानाच डॉक्टरांनी कातडीखालून एक बारीक नळी टाकली. डोक्यातून निघाली, मानेवरून, छातीवरून थेट पोटात. वरचं पाणी खाली येतं नि पोटात जिरतं. त्याला शंट म्हणतात. अशा लेकरांच्या आया-आज्या वार्डात भेटतच राहतात. सिस्टर आम्हाला म्हणतात, "आल्या नळीवाल्या!"

* * *

जरीपटक्याची एक पोरगी होती आमच्यात, पहिलंच बाळ. तिची सासू त्या लेकराला पाणीच पिऊ देईना. मे महिना, नागपूरचं ऊन, नि ही चमच्यानं ओठ ओले करून राहिली!

मी म्हटलं, "काहून वं, उपास आहे काय त्याले?"

म्हणे, "डोक्यात आधीच पाणी जास्त झालं ना! आणखी कशाले पाजायचं?"

मी म्हटलं, "तुम्ही सकाळपासून चार कप चहा ढोसला. मग तुमच्या डोक्यात काय भरलं असंल?"

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पण लेकरू पाणी प्यायला लागलं!

* * *

मनीषनगरची एक मॅडम होती. शिकलेली, हातात कायम मोबाईल. डॉक्टर राऊंडला आले की ही आधी सांगणार, "मी वाचलंय." एकदा डॉक्टरनं विचारलं, "बाळानं आज शी केली का?"

मॅडम मोबाईलमध्ये पाहायला लागली!

* * *

आता माझ्या विहीणबाई, मंदाबाई. प्रज्ञाचं सासर उमरेडला. सासरे कोळशाच्या खाणीतून रिटायर झाले, आता दिवसभर खुर्चीत. चष्मा सापडला नाही, की ओरडतात, "मंदा!" नळ टपकला, "मंदा!" दूध उतू गेलं, "मंदा!" लाईन गेली तरी "मंदा!" जशी काही विहीणबाईनंच तार तोडली.

आणि मंदाबाई? त्या तिथल्या तिथं सगळं प्रज्ञावर ढकलतात. वरून आलं ते खाली सोडायचं, अगदी शंटसारखं!

सम्यक हे ऐकूनच बोलायला शिकला. "आई" म्हणायच्या आधी "मंदा" म्हणाला. वाटी सांडली, मंदा. पडला, मंदा. आम्ही पोट धरून हसायचो.

* * *

मग त्याला खोकला झाला. उमरेडच्या दवाखान्यात सांगितलं, सर्दी आहे, सिरप द्या. विहीणबाई म्हणाल्या, "कूलरसमोर झोपवते ही! मालिशवालीले पण हीच सांगते, पायाले धरून उलटं लटकव म्हणून."

मी भेटायला गेले, तर पोराच्या फासळ्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. दूध दोन घोट प्यायला नि धापा टाकायला लागला. मी मुद्दाम वाटी पाडली. तो नुसता पाहत राहिला. एक शब्द नाही!

"सर्दीनं नाक वाहते, बोलणं नाही बंद होत," मी म्हटलं. प्रज्ञाला उठवलं नि बसमध्ये बसवलं.

नागपुरात लहान डॉक्टर म्हणाला, "न्यूमोनिया वाटतो, आजी."

"नळी पाहा ना. बंद पडली असंल."

"नळी डोक्याची आहे. तिचा छातीशी काय संबंध?"

"छातीवरूनच तर गेली ना बापा!"

तो हसला. पण एक्सरे काढला.

मोठ्या डॉक्टरीणबाईनं तो उजेडात धरला. एक बाजू पांढरीफटक! पोटात असायचं ते नळीचं टोक वर छातीत जाऊन वेटोळं करून बसलेलं. डोक्यातलं पाणी तिथंच भरत होतं नि फुफ्फुस दाबत होतं. म्हणाल्या, "असं फार क्वचित होतं." नळी बंद पडली असं मी म्हणत होते, तेही चुकीचंच निघालं. ती तर नको तिथं जोरात चालू होती!

लहान डॉक्टर म्हणाला, "सॉरी, आजी."

"सॉरी मले नको. त्याची छाती रिकामी कर!"

* * *

पाणी काढलं. ऑपरेशन करून नळी पुन्हा नीट बसवली. सम्यक डोळे मिटून पडलेला, तोंडातून आवाज नाही. प्रज्ञा त्याचा पाय धरून बसलेली. भोवती सगळं उमरेड जमलेलं.

विहीणबाईनं डॉक्टरीणबाईला धरलं. "चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही. कूलरनं नाही, मालिशनं नाही, आईनं उचलल्यानंही नाही. नळी आपोआप सरकली."

"असं कसं? कोणीतरी केलंच असंल ना!" आणि नजर प्रज्ञावर. माझ्या पोरीनं मान खाली घातली. मी पदर खोचला.

तेवढ्यात विहीणबाई पलंगावर वाकल्या. "सांग गा राजा, तूच सांग. कोणी केलं हे?"

सम्यकनं डोळे उघडले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. छाती भरून श्वास घेतला, नि अख्ख्या वार्डाला ऐकू जाईल असा ओरडला,

"मंदा!"